हाक दिलेलं पाणी

केरबाच्या कमरेला बारा महिने सुतळी असायची. बारा परस लांब, परसापरसाला एक गाठ, टोकाला जात्याच्या फुटक्या दगडाचा अंगठ्याएवढा तुकडा. परस म्हणजे एक उभा माणूस. आमच्याकडं विहिरीची खोली फुटात सांगत नाहीत, माणसात सांगतात. इतकी माणसं एकावर एक उभी केली की पाणी लागतं, असा आमचा हिशेब.

माळपिंप्री हे आमचं गाव निलंग्याच्या पलीकडं, कर्नाटकाच्या अंगाला. गावच्या पूर्वेला आमची बौद्ध वस्ती, आणि वस्तीला लागून गायरान. या मुलखात केरबानं वीस-बावीस विहिरी खांदल्या. त्याला दगड वाचता यायचा. वर काळी माती, तिच्याखाली चोपण, मग मुरूम, मग काळा पत्थर, आणि पत्थराच्या दोन थरांमध्ये कुठंतरी तांबडा गेरू. गेरूच्या खालच्या अंगाला जो सच्छिद्र दगड असतो त्याला आम्ही मांजऱ्या म्हणतो. पाणी असलं तर तिथंच असतं. केरबा पहारीचा एक ठोका टाकायचा, कान लावायचा आणि सांगायचा, अजून दोन परस. बहुतेकदा दोनच परस निघायचे.

विहीर खांदणाऱ्यांचा एक जुना रिवाज होता. ज्याच्या टिकावाला पाणी लागलं त्यानं विहिरीच्या तळातून तीन हाका द्यायच्या, "पाणी लागलं हो!" हाक दिली की ते पाणी एकट्या मालकाचं राहत नाही. त्या दिवशी विहिरीत सुरुंगाचा बार उडवायचा नाही. पहिलं पाणी बायांनी न्यायचं, आणि ज्यानं हाक दिली त्याला आठवड्याची एक पाळी कायमची. छप्पन्न सालानंतर आमच्या लोकांनी विहिरीवरचा नारळ सोडला, हळद-कुंकू सोडलं, पण हाक सोडली नाही. हाक ही कोण्या देवाची नव्हती, तहानेची होती.

ती हाक केरबानं एकदा दिली नव्हती.

बहात्तरचा दुष्काळ होता. गावचे शेतकरी शेषेराव यांची विहीर केरबा खोल करत होता. तोवर त्या विहिरीच्या काठावर आमच्या बाया रिकाम्या घागरी घेऊन उभ्या राहायच्या, वरून कुणीतरी ओतील म्हणून. ज्या विहिरीचा दगड आमच्या माणसांनी फोडला तिचा दोर आमच्या हातात नव्हता. केरबानं शेषेरावांशी बोली केली होती की पाणी लागलं तर जुम्म्याची, म्हणजे शुक्रवारची पाळी वस्तीची, आणि वस्ती आपल्या हातानं शेंदणार. शेषेरावांनी मान डोलावली होती. अकराव्या परसाला करंगळीएवढा झरा लागला. केरबाला वाटलं, एक बार अजून उडवला तर झरा मनगटाएवढा होईल, मग पाळीवरून तकरारच राहणार नाही. हाक पोटात ठेवून त्यानं बार भरला. धूर निवला तेव्हा तळ कोरडा होता. दगडाला खाली कुठंतरी चीर गेली आणि झरा पळाला.

शेषेरावांनी कातड्याची मोट उचलून गोठ्याच्या आढ्याला टांगली. ती मोट पुन्हा उतरली नाही, आणि चौदा वर्षं ते केरबाशी बोलले नाहीत. केरबा तेव्हापासून एका जागी बसू शकत नसे. जेवताना उठायचा, बोलता बोलता चालू लागायचा. कुठलीही विहीर दिसली की सुतळी सोडायचा, गाठी मोजायचा, ओली सुतळी बोटांवर गुंडाळत पुढं जायचा.

*

नवा जिल्हा होऊन चौथं वर्ष चालू होतं. लातूरला नव्या कचेऱ्या, नव्या पाट्या, नव्या रंगाच्या जीपा. आमची मोजणी अजून जुन्या जिल्ह्याच्या कागदावर होती. त्या साली मृगही कोरडा गेला आणि हस्तही. टँकर सुरू झाले तेव्हा कळलं, जुन्या जिल्ह्याच्या यादीतून माळपिंप्री निघाली आणि नव्या यादीत चढली नाही. सरपंच तीनदा जाऊन आले. इकडं म्हणायचे तिकडं विचारा, तिकडं म्हणायचे कागद यायचाय. टँकर शेजारच्या गावात वळायचा आणि आम्ही त्याची धूळ बघायचो. बाया तेरणा नदीच्या वाळूत झिरे उकरून दोन कोसांवरून पाणी आणत होत्या.

अशा सालात गायरानावर तेल शोधणारे आले.

परदेशी कंपनी होती. तंबू पडले, बोर पाडायची गाडी आली, मैल-मैल लांब तारा माळावर पसरल्या. तारेला खुंट्या, आणि त्या खुंट्या मातीत टोचायच्या. ठरावीक अंतरावर दहा-अकरा परसांचा चिंचोळा होल पाडायचा, तळाशी जिलेटीन ठेवायचं, उडवायचं, आणि जमिनीच्या पोटातून काय आवाज परत येतो तो खुंट्यांनी ऐकायचा. केरबाला हे ऐकून हसू आलं होतं. म्हणाला, "म्हंजे माझीच पहार की. फकस्त मोठी केली."

दगडाची पारख आहे म्हणून त्याला कामावर घेतलं. प्रत्येक परसाचा भुगा वेगळ्या पिशवीत भरायचा आणि पिशवीवर नंबर टाकायचा. कामाआधी एक कागद पुढं आला. जमिनीतून काय निघतं ते बाहेर सांगायचं नाही. इतर मजुरांनी अंगठे केले. केरबानं दस्तखत केली. चाळिशीत, वस्तीच्या समाजमंदिरात बसून तो सही शिकला होता, आणि "केरबा लिंबाजी" ही दोन नावं लिहायला त्याला विहिरीचा एक परस उतरण्याइतका वेळ लागायचा. कागदाच्या खाली उमटलेल्या त्या शाईकडं तो बराच वेळ बघत राहिला होता.

कॅम्पावर दोन साहेब होते. एक कंपनीचा, सतत घड्याळ बघणारा. दुसरा विरूपाक्ष, उदगीरच्या अंगाचा, सरकारी तेलखात्याचा माणूस. त्याला वेगळं काम दिसत नसे. तो बाभळीखाली खुर्ची टाकून बसायचा आणि प्रत्येक बार उडवण्याआधी कंपनीच्या साहेबाच्या सहीखाली आपली सही करायचा. एका दुपारी केरबानं विचारलंच.

"सायेब, मशीन त्यांचं, डिझेल त्यांचं, माणसं त्यांची. मग तुमी हितं काय करायलाव?"

विरूपाक्ष हसला. "मी वाटेकरी आहे की रे. परवाना कंपनीचा, पण त्यात सरकार भागीदार. शोधायचा खर्च कंपनीचा. तेल लागलं, वायू लागला, तर दहातले चार वाटे सरकारचे."

"अन् न्हाई लागलं तर?"

"तर कंपनीचं नशीब."

केरबा उकिडवा बसला होता, तो उभा राहिला. "म्हंजे कोरड्या हिरीत तुमचा टिकाव न्हाई, अन् वल्या हिरीत तुमची पाळी."

"हौदु!" विरूपाक्षनं मांडीवर थाप मारली. "बरोबर बोललास. ओलं झालं की सरकार येतं."

"असं आमच्यात कुणी म्हनलं तर लोक त्येला हिरीत ढकलतील."

"अरे, पण जमिनीच्या पोटातलं सगळं सरकारचंच असतंय. म्हणून वाटा."

"कुठवर आमचं अन् कुठून सरकारचं?"

"नांगर जातो तिथवर तुझं."

"हीर तर नांगराच्या लई खाली जाती. मग हिरीतलं पाणी कुणाचं?"

विरूपाक्षनं खिशातून सुपारी काढली, अडकित्त्यानं कातरली. शेवटी म्हणाला, "पाणी ह्या परवान्यात नाही. तेल आणि वायू, एवढंच लिहिलंय."

केरबा तिथून निघाला आणि माळावर भटकत राहिला. कोरड्या होलांवरून सुतळी सोडत, काढत. चाळीस होल झाले होते आणि चाळीसही ठणठणीत कोरडे.

*

एकेचाळिसावा होल वस्तीच्या अगदी कडेला पडला, गायरानाच्या टोकाला, जिथून आमच्या घरांचे पत्रे दिसतात.

सातव्या परसाला भुगा तांबूस झाला. केरबानं चिमूट जिभेवर ठेवली. गेरू. आठव्याला मांजऱ्या, नवव्यालाही मांजऱ्या. दहाव्या परसाला मशीनचा आवाज बदलला. इतरांना तो कळला नाही. केरबाच्या हातातली पिशवी तशीच राहिली. भुगा यायचा थांबला, मग शेणासारखा लगदा आला, आणि मग एकदम हवेच्या जोरानं होलातून गढूळ पाण्याचं कारंजं उडालं, दोन माणसं उंच. गाडीवरची माणसं भिजून हसायला लागली. हातभर अजून खाली गेल्यावर मशीन बंद झालं. केरबानं सुतळी सोडली. पाणी वर चढत होतं. नवव्या गाठीला, आठव्या, सहाव्या. पाचव्या गाठीवर थांबलं.

कंपनीचा साहेब खूश झाला. पाणी भरलेल्या होलात बार चांगला बसतो, आवाज खोल जातो. जेवण झाल्यावर लगेच भरायचा, असा हुकूम झाला.

केरबाला ते ठाऊक होतं. पाण्यातला बार कसा बसतो हे त्याच्याइतकं या तालुक्यात कुणालाच ठाऊक नव्हतं.

तो बाभळीकडं गेला, परत होलाशी आला. होलाशी उभा राहिला, पुन्हा बाभळीकडं गेला. एवढ्यात त्याची बायको भामाबाई भाकरी घेऊन आली. तिनं फडकं सोडलं नाही. ती त्याच्या पायांकडं बघत होती.

"आवं, पायाला चिखल कशाचा?"

केरबानं पाय मागं ओढला.

"या सालात चिखल? आन् बोटाच्या फटीत गेरू." ती खाली वाकली, त्याच्या पायावरचा चिखल बोटानं पुसून तिनं हुंगला. "पाणी लागलंय."

"हळू बोल."

"हाक दिलीव का?"

"दस्तखत केलीया मी. बाहीर सांगायचं न्हाई म्हून."

"कवा उडवणार हायती?"

"जेवण झालं की."

भामाबाईनं भाकरीचं फडकं बाभळीच्या फांदीला अडकवलं. तिचा आवाज चढला नाही. "तुमाला सई याया लागली तवा मी वस्तीभर शेंगा वाटल्या हुत्या. म्हनलं, माझ्या मानसाला आता तोंड फुटलं. बहात्तरला तुमी तोंड शिवलं हुतं ते सई नसताना. आता सई आल्यावर बी शिवनार असलाव, तर ती सई कशाला शिकलाव?"

केरबानं फडकं सोडून भाकरी काढली. एक घास तोडला, तो तोंडात तसाच फिरत राहिला. त्यानं तो हातात काढला, मातीत ठेवला आणि चालू लागला. होलाच्या तोंडाशी गुडघे टेकले, दोन्ही तळहात जमिनीवर ठेवले आणि विहिरीच्या तळाशी असल्यासारखं डोकं मागं टाकून ओरडला.

"पाणी लागलं हो!"

चौदा वर्षं पोटात राहिलेली हाक होती. पहिलीनं माळावरची पाखरं उडाली. दुसरीला वस्तीतल्या दारांत बाया आल्या. तिसरी गावच्या वेशीपर्यंत गेली.

*

मग धावाधाव झाली. वस्तीतून तीसएक बाया घागरी, डबे, जे हाताला लागेल ते घेऊन आल्या. गावातूनही आल्या, आणि कडेला थबकल्या. होल बघून सगळ्यांचेच चेहरे उतरले. हाताची मूठ जाईल एवढं तोंड. घागर सोडाच, तांब्याही उतरणार नाही. तरी कुणी हललं नाही. बाया होलाभोवती बसल्या.

कंपनीचा साहेब तंबूतून धावत आला. त्याच्या मागं जिलेटीनची पेटी घेतलेला माणूस. साहेबाला मराठी येत नव्हतं, पण तो काय म्हणत होता हे कळायला मराठी लागत नव्हतं. त्यानं केरबाचा कागद मागवला आणि सहीवर बोट आपटलं. विरूपाक्षनं समजावून सांगितलं.

"केरबा, तू लिहून दिलंयस. तुझी सही आहे."

"हाय. माझीच हाय." केरबा उठला. कपाळावर माती होती. "पर सायेब, त्या परवान्यात तेल हाय, वायू हाय. पाणी न्हाई म्हून तुमीच सांगितलाव. जे तुमच्या परवान्यात न्हाई, ते माझ्या सईत कसं आलं?"

"ब्याड, केरबा. वाद नको. हे मशीन रोज उभं ठेवता येत नाही."

"नगा ठेवू. वाद न्हाई करत." त्यानं होलाकडं बोट केलं. "मी एकडाव हाक न देता पाण्यात बार उडवला. गावाची हीर मेली. या शेषेराव आण्णांना इचारा."

शेषेराव गावातून आलेल्या लोकांच्या मागं काठीवर हनुवटी टेकून उभे होते. सगळ्यांनी वळून बघितलं. त्यांनी केरबाकडं बघितलं नाही, विरूपाक्षकडं बघितलं. "मेली," एवढंच म्हणाले.

केरबा विरूपाक्षच्या अगदी जवळ गेला. "सायेब, कोरड्यात सरकार न्हाई, वलं झालं की सरकार येतं, असं बाभळीखाली तुमी म्हनलाव. आता वलं झालंय. या की मग. तुमी वाटेकरी हाव ना? कुणाच्या वतीनं हाव ते आज तरी सांगा."

जिलेटीनच्या पेटीवर कंपनीच्या साहेबाची सही झालेला कागद होता. खालची जागा मोकळी होती. कंपनीचा साहेब घड्याळ दाखवत होता. विरूपाक्षनं पेन काढला, टोपण उघडलं आणि बंद केलं. मग इंग्रजीत बोलणं झालं, आधी हळू, मग मोठ्यानं. शेवटी तो आमच्याकडं वळला तेव्हा त्याच्या बगलेत घामाचे डाग होते.

"होल सरकवायचा. माझी सही इथं नाही, साठ पावलांवर होईल. त्याच्या पलीकडं तारेची रेषा सोडता येत नाही. एवढंच माझ्या हातात आहे." मग खाली बघत म्हणाला, "आणि केरबा, तुझं काम आजपासून बंद. ते माझ्या हातात नाही."

"साठ पावलं," केरबा पुटपुटला. "दगडाला साठ पावलं म्हंजे काहीच न्हाई."

*

दुसऱ्या दिवशी दुपारी साठ पावलांवर बार उडाला. केरबा एकेचाळिसाव्या होलाशी पालथा पडला होता, छाती जमिनीला लावून. जमीन हलली, पत्रे वाजले. तो उठला नाही. धूळ बसल्यावर त्यानं सुतळी सोडली, काढली. ओल साडेपाचव्या गाठीला होती.

अर्धा परस गेला होता.

तिसऱ्या दिवशी सहाव्या गाठीला. चौथ्या दिवशी साडेसहा. बाया त्याच्या बोटांकडं बघत होत्या. केरबा जेवत नव्हता. वस्तीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायचा, परत यायचा. भामाबाई म्हणाली, "बसा की जरा." तो म्हणाला, "बसलो की ते खाली जातंय."

पाणी काढायचं कसं, हा घोर वेगळाच. केरबानं मनगटाएवढा लोखंडी पाइप मिळवला, दोन हात लांब. वर दोर बांधायला कडी केली. खाली एक झडप लागत होती, पाण्यात शिरताना उघडेल आणि वर येताना मिटेल अशी. रबर लावून बघितलं, पत्रा लावून बघितला. पाणी गळून जायचं. पाचव्या दिवशी सकाळी शेषेराव वस्तीत आले. आमच्या आठवणीत पहिल्यांदाच. त्यांच्या खांद्यावर ती मोट होती, चौदा वर्षांची धूळ बसलेली.

मोट त्यांनी केरबापुढं टाकली. "कातडं अजून चांगलं हाय. तेल पाज आन् काप."

"आण्णा, मोट कापायची?"

"मग काय आढ्याला टांगून पुजू?"

केरबानं कातडं तेलात भिजवलं आणि दुपारपर्यंत झडप बसवली. पाइप खाली गेला, गुडूप झाला, वर आला. भरलेला होता. एका खेपेला मोठे दोन तांबे. चार माणसं दोर ओढणारी असली तर तासाला दहा घागरी. पाळ्या ठरल्या. दोर वस्तीच्या हातात राहिला. पहिल्या पाळ्या वस्तीच्या, मग गावाच्या. आणि गावाच्या रांगेत शेषेरावांच्या घरची घागर सातव्या नंबरला, मोट दिली म्हणून पहिल्याला नाही.

विरूपाक्ष एकदा आला. कॅम्प उठत होता. सगळ्या माळानं काही सांगितलं नव्हतं. तेल नाही, वायू नाही, सरकारचे चार वाटे आणि कंपनीचे सहा, सगळे दगडातच राहिले. तो रांगेकडं बघत उभा राहिला.

"भामाबाई, भागीदाराला एक तांब्या मिळेल का?"

"आमच्या पाळीतलं घ्या." भामाबाईनं तांब्या पुढं केला. "पर सरकारला सांगा, चार वाटे न्यायचे असतील तर चार घागरी घिऊन स्वतः रांगेत ये म्हनाव."

तो हसला, पाणी प्यायला, उरलेलं सांडू न देता परत घागरीत ओतू लागला. तिनं हात धरला. "उष्टं हाय, झाडाला घाला." त्यानं बाभळीच्या बुडाशी घातलं आणि जीपमध्ये बसला.

मोट आली त्या पाचव्या दिवशी ओल साडेसहालाच होती. सहाव्या दिवशीही, सातव्या दिवशीही. लोक म्हणाले, थांबलं. केरबा तसं म्हणाला नाही. त्यानं उन्हाळाभर, आणि पुढं नव्या जिल्ह्याच्या यादीत गाव चढून टँकर आला तेव्हाही, रोज उजाडताना सुतळी सोडली. शेषेराव त्या वेळेला काठी टेकत तिथवर यायचे आणि एकच शब्द विचारायचे.

"किती?"

"साडेसा, आण्णा."

शेषेराव मान हलवून परत जायचे. केरबा सुतळी कमरेला गुंडाळायचा, वस्तीकडं दहा-बारा पावलं चालायचा, थांबायचा, आणि मागं फिरून पुन्हा एकदा सुतळी सोडायचा.